काचेवरची तारीख : कोडाईकॅनालच्या सूर्यचित्रांपासून घरच्या संगणकातील फोटोंपर्यंत

आमच्या बैठकीच्या भिंतीवर बाबांचा एक फोटो आहे. ओसरीत खुर्चीवर बसलेले, हातात वर्तमानपत्र, चष्मा कपाळावर सरकवलेला. फ्रेमखाली ताईने सुवाच्य अक्षरांत लिहून घेतले होते : 'शेवटची दिवाळी, २००७'. बाबा त्याच वर्षी डिसेंबरात गेले. पुढे कितीतरी वर्षे त्या ओळीबद्दल कोणाच्या मनात शंका आली नाही. अलीकडे घरच्या संगणकातील जुने फोटो नीट लावायला बसलो, तेव्हा प्रथमच लक्षात आले की फोटोच्या कोपऱ्यात तेरडा फुललेला दिसतो आहे. तेरडा हे गौरी-गणपतीच्या दिवसांतले फूल. दिवाळीपर्यंत तो टिकत नाही. मग फोटो नेमका केव्हाचा?

हा प्रश्न घरगुती आहे. पण त्याचे उत्तर शोधताना मला जी शिस्त उपयोगी पडली, ती आपल्या देशातील एका वेधशाळेने शंभर वर्षांहून अधिक काळ पाळलेली आहे. म्हणून ही पोस्ट.

'आदित्य-एल१' ही भारताची सूर्याचा अभ्यास करणारी पहिली अंतराळ वेधशाळा. २ सप्टेंबर २०२३ रोजी ती श्रीहरिकोट्याहून निघाली आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील आपल्या कक्षेत स्थिरावली. तिच्यावरील 'सूट' ही अतिनील किरणांत सूर्याची छायाचित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेने सिद्ध केली. त्या छायाचित्रांच्या बातम्या आपण कौतुकाने वाचतो, पुढे पाठवतो. परंतु सूर्याचे फोटो काढण्याची भारताची परंपरा त्याहून फार जुनी आहे. तिचे घर तमिळनाडूतील पळणी डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे २३०० मीटर उंचीवर, कोडाईकॅनालला आहे.

या वेधशाळेच्या मुळाशी दुष्काळ आहे. १८७६ ते १८७८ या वर्षांत मद्रास आणि मुंबई इलाख्यांत जो भीषण दुष्काळ पडला, त्याने सरकारपुढे प्रश्न उभा केला की पाऊस का चुकतो? सूर्यावरील डागांची संख्या सुमारे अकरा वर्षांच्या आवर्तनाने कमी-जास्त होते, हे तेव्हा ज्ञात झाले होते. त्या चढउताराशी मोसमी पावसाचे काही नाते असेल काय, असा तर्क अनेक शास्त्रज्ञ करीत होते. तो तर्क त्यांना वाटला तितका सरळ ठरला नाही. पण त्यातून सूर्याचे रोज निरीक्षण करणारी संस्था हवी, हा विचार पक्का झाला. १८९९ साली कोडाईकॅनाल येथे सौर वेधशाळेचे काम सुरू झाले. चार्ल्स मिची स्मिथ हे तिचे पहिले संचालक. १७९२ पासून चालत आलेल्या मद्रास वेधशाळेचा वारसा तिच्याकडे आला.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, १९०४ च्या सुमारास, तेथे सूर्याची रोजची छायाचित्रे नियमाने घेतली जाऊ लागली. साध्या पांढऱ्या प्रकाशात एक, तर स्पेक्ट्रोहेलिओग्राफ या यंत्राने कॅल्शियमच्या जांभळ्या वर्णरेषेत एक. पुढे १९१२ पासून हायड्रोजनच्या तांबड्या वर्णरेषेतही. पांढऱ्या प्रकाशात सूर्यावरचे डाग दिसतात. कॅल्शियमच्या रेषेत डागांभोवतीचे तेजस्वी पट्टे दिसतात, आणि हायड्रोजनच्या रेषेत सूर्यबिंबावर पसरलेले काळे तंतू व कडेला उसळणाऱ्या ज्वाला. आभाळ मोकळे असेल त्या प्रत्येक दिवशी हे काम चाले. जॉन एव्हरशेड यांनी जानेवारी १९०९ मध्ये सौरडागांच्या कडेतून वायू बाहेरच्या दिशेने वाहतो, हे याच ठिकाणी दाखवून दिले. 'एव्हरशेड परिणाम' या नावाने ते निरीक्षण आजही पाठ्यपुस्तकांत आहे. १९३७ मध्ये ए. एल. नारायण हे तेथील पहिले भारतीय संचालक झाले, आणि १९६० मध्ये वेणू बाप्पू यांनी सूत्रे घेतली. संचालक बदलले, राज्य बदलले, दोन महायुद्धे होऊन गेली. सूर्याचा रोजचा फोटो मात्र सुटला नाही.

आता प्रश्न असा की इतक्या फोटोंचे मोल कशात आहे?

एक काच हातात घेऊन पाहिली तर तिच्यात विशेष काही दिसत नाही. करड्या वर्तुळावर दोन-चार काळे ठिपके, एवढेच. एका दिवसाच्या सूर्याचा फोटो हा फार तर सुंदर वस्तू. पण त्यावर तारीख आहे, वेळ आहे, सूर्याचा उत्तर ध्रुव कोणत्या बाजूला आहे याची खूण आहे, आणि हीच माहिती शेजारी नोंदवहीतही आहे. म्हणून ती काच एका लांबलचक साखळीतील कडी ठरते. सूर्याच्या संपूर्ण बिंबावरील चुंबकीय क्षेत्राचे नियमित नकाशे १९७० च्या दशकापासूनच मिळू लागले. त्याआधीच्या सूर्याच्या चुंबकीय वर्तनाबद्दल काही सांगायचे, तर कॅल्शियमच्या प्रकाशातील जुन्या छायाचित्रांचा आधार घ्यावा लागतो. कारण त्यांतील तेजस्वी पट्टे जेथे दिसतात, तेथे चुंबकीय क्षेत्र प्रबळ असते. कोडाईकॅनालचा संग्रह म्हणजे जवळजवळ दहा सौरचक्रांची सलग साक्ष. ही साक्ष जशी चित्रांमुळे, तशीच चित्रांवर लिहिलेल्या तारखांमुळे उभी आहे. तारीख पुसली, तर साक्षीदार जिवंत राहतो. पण त्याला प्रसंग आठवत नाही.

तारीख लिहिणे सोपे वाटते. वेळ लिहिणे त्याहून अवघड. कारण वेळ कोणाची?

त्या काळी भारतात एकच वेळ नव्हती. मद्रास वेधशाळेच्या रेखावृत्तावर आधारलेली मद्रास वेळ ग्रीनिचच्या सुमारे ५ तास २१ मिनिटे पुढे होती, आणि देशभरच्या रेल्वेगाड्या तिच्यावर चालत. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. १ जानेवारी १९०६ पासून ५ तास ३० मिनिटांची भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. पण सगळ्यांनी ती लगेच स्वीकारली असे नव्हे. मुंबईत गिरणी कामगारांनी तिला विरोध केला. शहरात मुंबई वेळ आणि प्रमाणवेळ शेजारी शेजारी नांदत राहिल्या. दोन्हींत ३९ मिनिटांचे अंतर. आणि मुंबई वेळेचा हा संसार १९५५ पर्यंत चालला. कलकत्त्याने आपली वेगळी वेळ १९४८ मध्ये सोडली. अशा देशात 'सकाळी आठ' एवढेच लिहिलेली नोंद अर्धी ठरते. कोणत्या घड्याळाचे आठ, हे लिहिले नाही, तर वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागतो.

खगोलशास्त्रज्ञांना हा अंदाज परवडणारा नव्हता. ग्रीनिचच्या राजवेधशाळेने १८७४ पासून जवळजवळ शंभर वर्षे सौरडागांची रोजची मोजमापे प्रसिद्ध केली. इंग्लंडचे आभाळ कसे असते, हे सर्वांना ठाऊक आहे. तेथे ढग असत त्या दिवसांची उणीव केप, मॉरिशस, डेहराडून आणि कोडाईकॅनाल येथील छायाचित्रांनी भरून काढली जाई. म्हणजे हिमालयाच्या पायथ्याशी घेतलेला फोटो लंडनच्या तक्त्यात एका ओळीची रिकामी जागा भरीत असे. त्या ओळीत तो नेमका बसावा यासाठी एकच गोष्ट आवश्यक होती : सर्वांची वेळ एका घड्याळाला बांधलेली असणे. सूर्य पृथ्वीवरून पाहता सुमारे २७ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. म्हणजे डाग रोज साधारण १३ अंश सरकतो. नोंदीत एका दिवसाची चूक झाली, तर डाग सूर्यबिंबावर भलत्याच जागी जाऊन पडतो.

परंतु याच गोष्टीत चूक पकडण्याची सोयही आहे. कोडाईकॅनालच्या हजारो काचा आणि फिल्म आता संगणकात उतरवल्या गेल्या आहेत, आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या संकेतस्थळावर त्या अभ्यासकांसाठी खुल्या आहेत. शंभर वर्षांच्या हस्तलिखित नोंदींत कोठे तारीख चुकलेली असणार, कोठे वेळ संदिग्ध असणार, कोठे काच उलटी धरून तिची प्रतिमा घेतली गेली असणार, हे ओघानेच आले. अशा वेळी त्याच दिवशीचे दुसऱ्या वेधशाळेचे चित्र शेजारी ठेवतात. डाग जुळले तर तारीख खरी. जुळले नाहीत, पण एक दिवस मागे सरकवल्यावर जुळले, तर चूक कोठे झाली ते कळते. डावे-उजवे बदलल्यावर जुळले, तर काच पालथी होती. चित्राच्या आत जे आहे त्यावरून चित्रावरच्या लेखाची परीक्षा करायची, ही ती रीत. घरच्या फोटोतील तेरड्याने मला नकळत तेच करायला लावले होते.

आता काचेकडून संगणकाकडे येऊ.

खगोलशास्त्रज्ञांनी आपल्या डिजिटल चित्रांसाठी १९८१ मध्ये 'फिट्स' नावाची फाईलपद्धत ठरवली. तिचे वैशिष्ट्य असे की चित्राच्या आधी, त्याच फाईलमध्ये, साध्या वाचता येणाऱ्या अक्षरांत माहिती लिहिलेली असते : कोणती दुर्बीण, कोणती वर्णरेषा, कोणती तारीख. प्रत्येक ओळ ८० अक्षरांची. कारण त्या काळच्या पंचकार्डावर ८० अक्षरे मावत. फाईलचे नाव हरवले तरी चित्राची ओळख चित्रासोबतच राहावी, हा त्यामागचा विचार. नोंदवही काचेला चिकटवून टाकावी, तसे हे झाले.

या शहाण्या योजनेतही एक फट राहिली. सुरुवातीला तारीख दिवस, महिना आणि वर्षाचे शेवटचे दोनच आकडे, या क्रमाने लिहिण्याचा नियम होता. विसावे शतक संपत आले, तेव्हा तिच्यातील अडचण समोर उभी राहिली. '०४' म्हणजे १९०४ की २००४? ज्या संग्रहात १९०४ चे चित्र आहे आणि जो २००४ मध्येही चालूच राहणार आहे, त्याच्यासाठी हा प्रश्न काल्पनिक नव्हता. १९९७ मध्ये नवा नियम झाला : चार आकडी वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. जुनी दोन आकडी वर्षे मात्र १९०० ते १९९९ याच काळातील समजायची, असेही ठरले. तारखा लिहिण्याच्या आयएसओ ८६०१ या १९८८ च्या आंतरराष्ट्रीय मानकाचाही क्रम हाच. या क्रमाचा एक व्यवहारी लाभ असा की संगणक फाईली नावांच्या क्रमाने लावतो, तेव्हा त्या आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला, तर सर्व महिन्यांच्या पहिल्या तारखा एका ठिकाणी गोळा होतात, आणि वर्षांची सरमिसळ होते.

घरगुती कॅमेऱ्यांचा इतिहास याला समांतर चालला. १९९५ मध्ये जपानमधील उद्योगसंघटनेने 'एक्झिफ' हे मानक प्रसिद्ध केले. फोटोच्या फाईलमध्येच फोटो घेतल्याची तारीख, वेळ, कॅमेऱ्याचे नाव, छिद्रमान इत्यादी नोंदी ठेवण्याची ही पद्धत. फिट्समागचा विचारच येथे घरगुती कॅमेऱ्यात आला. १९९८ मध्ये फाईलींच्या नावांचेही मानक ठरले. कार्डावर 'डीसीआयएम' नावाचा फोल्डर, आणि फोटोच्या नावात आठ अक्षरे : पहिली चार कंपनीच्या मर्जीची, पुढची चार अंकांची, ०००१ ते ९९९९. आठच अक्षरे का? कारण जुन्या डॉस प्रणालीत फाईलच्या नावाला आठ आणि विस्ताराला तीन अक्षरांचीच जागा होती, आणि कॅमेऱ्याच्या कार्डावर तीच रचना चालू राहिली. म्हणूनच आपल्या संगणकावर एकाच नावाचे, 'आयएमजी ००४२' असे तीन-चार वेगवेगळे फोटो सापडतात. दहा हजारावा फोटो काढला की मोजणी पुन्हा एकापासून सुरू होते. दुसरा कॅमेरा घेतला, तरी तीच.

एक्झिफमध्येही एक मोठी उणीव होती, आणि ती कोडाईकॅनालच्या लोकांना नवी वाटली नसती. वेळ नोंदली जाई, पण ती कोणत्या देशाच्या घड्याळाची, हे नोंदण्याची प्रमाणित जागाच नव्हती. ती २०१६ मध्ये आली. न्यू जर्सीहून भाचा हिवाळ्यात पुण्याला येतो, कॅमेऱ्याचे घड्याळ बदलायला विसरतो, आणि सकाळी ९ वाजताच्या बारशाच्या फोटोवर आदल्या रात्रीचे साडेदहा पडतात. बारसे आदल्या दिवशी झाले असे संगणक सांगतो, आणि वीस वर्षांनी त्याला खोटे पाडायला कोणी उरलेले नसते.

आता पुन्हा बाबांच्या फोटोकडे.

आमच्या संगणकात त्या फोटोचे नाव होते 'बाबा ३'. हे नाव मीच दिले होते. २००८ मध्ये मोठ्या उत्साहाने मी सगळे फोटो निवडले, सरळ केले, उजळवले, आणि त्यांना 'बाबा १', 'बाबा २' अशी नावे दिली. जुनी नावे गेली. ज्या प्रोग्रॅममध्ये मी ते फिरवले, त्याने फोटोच्या पोटातील नोंदीही पुसून टाकल्या. फाईलची तारीख उरली ती मी काम केले त्या दिवसाची. मी फोटो नीटनेटके केले, आणि असे करताना त्यांचा इतिहास पुसला. वेधशाळेत कोणी काचा धुऊन लख्ख कराव्यात आणि कोपऱ्यातील शाईही धुऊन टाकावी, तसे ते झाले.

सुदैवाने प्रती काढून घेण्यासाठी तेव्हा एक सीडी केली होती. ती कपाटात सापडली, आणि चालली. तिच्यात मूळ नावे होती, मूळ नोंदीही होत्या. पण ओसरीतील त्या फोटोची तारीख होती २१ जानेवारी २००४. तेव्हा आमच्याकडे तो कॅमेराही नव्हता. कधीतरी बॅटरी पूर्ण उतरल्यामुळे कॅमेऱ्याचे घड्याळ मागे गेले असणार, आणि तारीख कोणी लावली नसणार.

येथे कोडाईकॅनालची रीत कामाला आली. घड्याळ चुकीचे असले, तरी ते चालत होते. म्हणजे दोन फोटोंमधील अंतर खरे असणार. खरी तारीख माहीत आहे, असा एक तरी फोटो त्याच मालिकेत हवा. तो मिळाला : गणपतीच्या प्रतिष्ठापनेचा. कॅमेऱ्याच्या मते ९ जानेवारी २००४. २००७ ची गणेश चतुर्थी १५ सप्टेंबरला होती. फोटोंचे अनुक्रमांक सलग होते, म्हणजे मध्ये घड्याळ पुन्हा मागे गेले नव्हते. ९ जानेवारी ते २१ जानेवारी, बारा दिवस. १५ सप्टेंबरच्या पुढे बारा दिवस, म्हणजे २७ सप्टेंबर २००७. विसर्जन होऊन दोन दिवस झालेले. तेरडा बरोबर होता. फ्रेमवरची ओळ चूक होती.

मग शेवटच्या दिवाळीचा फोटो कोणता? त्याच गणिताने ९ नोव्हेंबर २००७, लक्ष्मीपूजनाचा दिवस, कॅमेऱ्याच्या हिशेबाने ४ मार्च २००४ ला येतो. त्या तारखेचा एक फोटो सीडीत होता. हललेला, अर्धवट. मध्यभागी फुलबाजी धरलेली पुतणी, आणि उजव्या कडेला, निम्मे कापले गेलेले, बाबा. ते पुतणीकडे पाहून हसत आहेत. २००८ मध्ये निवड करताना मी तो 'खराब' म्हणून वगळला होता.

ताईला फोनवर सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तो पाठव. आणि भिंतीवरच्या फोटोखालची ओळ बदलून घे."

या अनुभवातून आणि वेधशाळेच्या इतिहासातून जी रीत मला पटली, ती येथे लिहून ठेवतो. कोणाला उपयोगी पडावी.

पहिली गोष्ट, मूळ फाईलींना हात लावू नये. कार्डावरून किंवा फोनवरून आलेले फोटो आधी जसेच्या तसे एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत, आणि नावे बदलण्याचे, उजळवण्याचे काम प्रतींवर करावे. वेधशाळा काच जपते आणि अभ्यास तिच्या प्रतिमेवर होतो, तसेच हे.

दुसरी, नावाची सुरुवात तारखेने करावी : वर्ष, महिना, दिवस, मग वेळ, मग स्थळ, मग प्रसंग, आणि शेवटी कॅमेऱ्याने दिलेला मूळ क्रमांक. उदाहरणार्थ, '२००७-०९-२७_०८१५_घर_बाबा-ओसरी_०८७१'. संगणकावर अंक मात्र इंग्रजी घ्यावेत, म्हणजे कोणत्याही यंत्रावर क्रम बिघडत नाही. मूळ क्रमांक निरर्थक वाटतो, पण घड्याळ खोटे ठरते तेव्हा तोच खरे बोलतो. एकेक नाव हाताने बदलण्याची गरज नाही. फोटोच्या पोटातील तारीख वाचून शेकडो फाईलींना एकदम नावे देणारी मोफत साधने आहेत. मात्र त्याआधी पाच-दहा फोटोंच्या तारखा खऱ्या आहेत ना, हे पारखून घ्यावे. नाहीतर तीच चूक हजार फोटोंवर छापली जाते.

तिसरी, घड्याळ चुकलेले आढळले, तर त्या कॅमेऱ्याच्या त्या काळातील सर्व फोटोंना सारखाच फरक लावावा. एकेका फोटोची तारीख आठवणीने दुरुस्त करू नये. आठवण मायाळू असते. तिला दिवाळी हवी असते.

चौथी, ठाऊक नाही ते ठाऊक आहे असे लिहू नये. वर्षच माहीत असेल, तर वर्षच लिहावे आणि पुढे 'अंदाजे' हा शब्द टाकावा. आजीच्या लग्नाचा स्कॅन केलेला फोटो असेल, तर स्कॅन केल्याची तारीख ही फोटोची तारीख नव्हे. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोच्या नावात जो दिवस असतो, त्यावरही विसंबू नये. तो फोटो आपल्याकडे कधी आला ते सांगतो, कधी काढला ते नाही. आणि अशा फोटोच्या पोटातील मूळ नोंदी सहसा वाटेतच गळून पडलेल्या असतात. महत्त्वाचा फोटो असेल, तर पाठवणाऱ्याकडून मूळ फाईल मागून घ्यावी.

पाचवी, एक नोंदवही ठेवावी. साधी मजकुराची फाईल चालेल. कोणता कॅमेरा, कोणत्या काळात, त्याचे घड्याळ किती मागे-पुढे, कोणत्या फोटोत कोण आहे. फोटोतील माणसांची नावे सांगू शकणारी वडीलधारी मंडळी आहेत तोवर हे काम करून घ्यावे. संग्रहाच्या आणखी दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, त्यांपैकी एक घराबाहेर. आमची सीडी चालली, हे नशीब होते. नशिबावर संग्रह उभा करू नये.

कोडाईकॅनालला सूर्याचा रोजचा फोटो घेऊन कोपऱ्यात तारीख आणि वेळ लिहिणाऱ्या सहायकांची नावे आपल्यापैकी फारशी कोणाला ठाऊक नाहीत. ते दुष्काळाचे कारण शोधायला बसले होते. आपल्या हातची काच शंभर वर्षांनी चुंबकीय क्षेत्राच्या अभ्यासासाठी वाचली जाईल, याची त्यांना कल्पना असणे शक्य नव्हते. म्हणूनच त्यांची शिस्त मोठी वाटते. पुढचा वाचक कोणता प्रश्न घेऊन येईल, हे माहीत नसताना त्यांनी त्याच्यासाठी तारीख नीट लिहून ठेवली. आज 'आदित्य-एल१' वरून आलेले चित्र आणि एव्हरशेड यांच्या काळातील काच एकाच मालिकेत ठेवून तुलना करता येते, ती त्या शाईच्या ओळीमुळे.

आमच्या भिंतीवर आता दोन फोटो आहेत. ओसरीतील फोटोखाली '२७ सप्टेंबर २००७' एवढेच लिहिले आहे. शेजारी तो हललेला फोटो. पाहुणे विचारतात, हा कशाला लावला, नीट आलेला नाही. ताई त्यांना तारीख दाखवते.

आपल्याकडे असा एखादा फोटो आहे का, ज्याची तारीख शोधून काढावी लागली? फोटोतील कोणत्या गोष्टीने ती सांगितली : झाड, भिंतीवरचे कॅलेंडर, अंगणातली सावली, की एखादी बंद पडलेली दुकानाची पाटी? खाली जरूर लिहा.